झेरॉक्स, स्कॅन, पीडीएफ: लायब्ररीत आणि वर्गात काय चालतं, काय नाही (नव्या ग्रंथपाल-शिक्षकांसाठी)

दरवर्षी कॉलेज सुरू झालं की पहिल्या पंधरवड्यात माझ्या काउंटरवर दोन माणसं हमखास येतात. एक म्हणजे नुकतेच लागलेले कुणीतरी सर, हातात साडेतीनशे पानांचं कोरं पुस्तक, आणि म्हणणं एवढंच की मॅडम हे आख्खं स्कॅन करून द्या, मी एफवायच्या ग्रुपवर टाकतो, पोरांचं काम होईल. दुसरी एखादी मुलगी, तिला त्याच पुस्तकातली बारा पानं झेरॉक्स हवी असतात पण विचारायलाच घाबरते, कारण आत छापलंय ना, प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग कोणत्याही स्वरूपात वगैरे वगैरे. आता गंमत बघा, सर जे बिनधास्त मागतायत ते कायद्यात बसत नाही आणि ही पोरगी ज्याला घाबरतेय ते अगदी आरामात बसतं. आपल्याकडे कॉपीराइटचं सगळं असंच उलटं चाललंय, भ्यायचं तिथे कोणी भीत नाही आणि नको तिथे हात थरथरतात.

मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्याआधी काही वर्षं सार्वजनिक वाचनालयात काढली. वकील नाही, त्यामुळे नोटीस-बिटीस आलीच तर वकिलाकडेच जा. पण रोजच्या कामात काय करायचं हे नव्या लोकांना कोणी सांगत नाही, बी.लिबला (ग्रंथपालाच्या पदवीला) एक तास शिकवतात आणि तोही परीक्षेपुरता, म्हणून हे लिहायला घेतलं.

सगळ्यात आधी: अमेरिकेचं विसरा

युट्यूबवर "फेअर यूज" (म्हणजे परवानगी न घेता वापरायची मुभा) म्हणून जे ऐकता ते अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातलं आहे. तिकडे कोर्ट चार गोष्टी तपासतं: वापर कशासाठी, मूळ कृती कुठल्या प्रकारची, घेतलं किती आणि मूळ विक्रीला धक्का किती. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा चालतो, त्यातलं कलम ५२ हे आपलं कलम, आणि शब्द आहे "फेअर डीलिंग". नुसता शब्दाचा फरक नाही हा. आपल्या कायद्यात फेअर डीलिंग ठरावीक कारणांसाठीच आहे: खाजगी वापर (संशोधन त्यातच आलं), टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. त्याशिवाय शाळा-कॉलेजं, वाचनालयं, अपंग वाचक यांच्यासाठी वेगवेगळी पोटकलमं आहेत. तुमचं काम त्यातल्या कुठल्यातरी एकात बसलं तर ठीक, नाही बसलं तर "पण मी पैसे कुठे घेतले" हे उत्तर चालत नाही.

आणि हो, ते "दहा टक्के चालतं", "एक चॅप्टर चालतो", हे आकडे आपल्या कायद्यात कुठेही नाहीत. परदेशातल्या नियमावल्यांतून आणि लायसन्समधून ते फिरत फिरत आपल्या भिंतींवर येऊन चिकटलेत.

पायरी १: हक्क अजून शिल्लक आहे का ते बघा

निम्म्या वेळा प्रश्न इथेच संपतो. नियम सोपा आहे, लेखक ज्या वर्षी गेला त्यात ६० मिळवा, ते वर्ष संपलं की पुढच्या १ जानेवारीला पुस्तक सगळ्यांचं. आधी ५० वर्षं होती, १९९२ मध्ये ६० केली, कारण रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेलेले आणि त्यांची मुदत संपत आली होती.

साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून मोकळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मर्ढेकर दोघंही १९५६, म्हणजे १ जानेवारी २०१७. केशवसुत, बालकवी, गडकरी, हरिभाऊ आपटे, टिळक हे तर कधीचेच मोकळे. सावरकर १९६६ मध्ये गेले, त्यांचं १ जानेवारी २०२७ ला. आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघंही १९६९ चे, त्यांच्यासाठी २०३० च्या जानेवारीपर्यंत थांबा. इरावती कर्वे २०३१, वि. स. खांडेकर २०३७, कुसुमाग्रज २०६०, आणि पु. ल. १ जानेवारी २०६१, तेव्हा मी काउंटरवर नसेन हे नक्की. तरी पुलंचं आख्खं पुस्तक पीडीएफ करून "मराठी वाचवा" म्हणत फॉरवर्ड करणारे मला आठवड्याला दोन भेटतात.

इथे काही खड्डे आहेत ते नीट बघा.

लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेलं लेखन असेल तर ६० वर्षं मृत्यूपासून नाही, छापल्यापासून मोजायची. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये, म्हणजे मोकळं झालं ते १ जानेवारी २०१३ ला. एक वर्षाचाच फरक आहे इथे, पण एखाद्याची डायरी किंवा पत्रं तीस वर्षांनी छापली असतील तर हिशोब केवढा बदलेल बघा.

अनुवादाचा हक्क वेगळा असतो. मूळ पुस्तक दोनशे वर्षांपूर्वीचं असू दे, मराठी अनुवाद १९८५ चा असेल तर अनुवादकाचं बघा. तसंच तुकोबांचे अभंग कुणाच्याच मालकीचे नाहीत पण त्या गाथेला एखाद्या प्राध्यापकांनी लिहिलेली प्रस्तावना, टीपा, अर्थ हे त्यांचं आहे, म्हणून अभंग घ्या, टीपा सोडा. बाबासाहेबांच्या लेखनाच्या नव्या संपादित आवृत्त्यांचंही तेच. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर जो शेवटी गेला त्याच्यापासून मोजायचं. सरकारी प्रकाशनाला छापल्यापासून ६० वर्षं, त्यामुळे मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटिअर खुशाल स्कॅन करा.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "आता बाजारात मिळत नाही, म्हणजे चालेल". अजिबात नाही. पुस्तक मिळेनासं झालं म्हणून हक्क संपत नाही. त्याचा फायदा एका ठिकाणी होतो तो पुढे सांगते. फुकट मिळतं म्हणजे हक्क सोडला असंही नाही, बालभारतीची पुस्तकं वेबसाइटवर फुकट उतरवता येतात पण आतल्या पानावर स्वच्छ लिहिलेलं असतं की सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय भाग उद्धृत करता येणार नाही.

पायरी २: साधी देवघेव

याच्यावर वेळ घालवू नका. विकत घेतलेलं छापील पुस्तक सभासदाला घरी देणं, त्याची वर्गणी किंवा अनामत घेणं, वाचनकक्षात दहा जणांनी वाचणं, जुनं झाल्यावर रद्दीत किंवा सेलमध्ये काढणं, यात कॉपीराइटचा काही संबंध येत नाही, कारण नवी प्रत तयारच होत नाही. ब्रिटनमध्ये लायब्ररीतून पुस्तक नेलं की लेखकाला सरकारकडून थोडे पैसे मिळतात, आपल्याकडे ती पद्धत नाही. असायला हवी होती असं माझं मत आहे पण ते असो.

पायरी ३: झेरॉक्स, आणि ती दिल्लीची केस

विद्यार्थ्याला अभ्यासाला काही पानं, एक प्रकरण, मासिकातला एक लेख हवाय, तर द्या. खाजगी वापराचं कलम त्यासाठीच आहे आणि पुस्तकात छापलेली ती दमदार सूचना कायद्यापेक्षा मोठी नसते. आख्खं पुस्तक मागितलं तर नाही म्हणा, खास करून जे बाजारात मिळतंय ते. कायद्यात पानांचा आकडा नाही म्हणून इथे तुमची अक्कल चालवायची आहे. मी स्वतःला एकच विचारते, की ह्याला अभ्यासाला खरंच एवढं लागतंय का, की पुस्तकाचे पैसे वाचवायचेत?

शिक्षकाने वर्गासाठी वाचनसाहित्याचा गठ्ठा केला, म्हणजे चार पुस्तकांतलं एकेक प्रकरण एकत्र बांधून, तर काय? याचं उत्तर दिल्लीत मिळालं आणि ते प्रत्येक ग्रंथपालाला पाठ पाहिजे. दिल्ली विद्यापीठात, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी म्हणून एक छोटं झेरॉक्सचं दुकान. विद्यापीठानेच त्याला जागा आणि लायसन्स दिलेलं. शिक्षक सांगतील ती प्रकरणं काढून तो असे गठ्ठे बांधून पोरांना द्यायचा. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी त्याच्यावर आणि विद्यापीठावर दिल्ली हायकोर्टात केस टाकली. विद्यार्थ्यांनी संघटना करून केसमध्ये उडी घेतली, आणि गंमत म्हणजे ज्यांच्या पुस्तकांवरून हे चाललं होतं त्यातल्याच काही लेखकांनी आम्हाला हा खटला नको असं जाहीर पत्र लिहिलं.

१६ सप्टेंबर २०१६ ला न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी केस फेटाळली. त्यांचा मुद्दा मला फार आवडतो: पूर्वी पोरं लायब्ररीत बसून हाताने पानंच्या पानं उतरवून घ्यायची ते गुन्हा नव्हतं, मग तेच काम मशीनमुळे सोपं झालं म्हणून गुन्हा कसा होईल? प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ ला दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितलं की "शिकवण्याच्या ओघात" शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत चालते, त्याला पानांची मर्यादा कायद्यात नाही, मात्र जे घेतलं ते शिकवण्याच्या गरजेपुरतं असलं पाहिजे. त्या गठ्ठ्यांतला मजकूर खरंच गरजेचा होता का एवढंच तपासायला केस परत खाली पाठवली, आणि मग मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटलाच मागे घेतला.

यातून काय घ्यायचं, तर गठ्ठा चालतो, पण तो अभ्यासक्रमाशी बांधलेला पाहिजे. मी शिक्षकांकडून एका कागदावर लिहून घेते: कुठला वर्ग, कुठला पेपर, कुठलं पुस्तक, कुठली पानं, खाली सही. फाइलला लावून ठेवते. प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर लेखक, पुस्तक, प्रकाशक लिहायला लावते. झेरॉक्सवाला पानामागे बाजारभावाने पैसे घेतो ते ठीक, पण तोच गठ्ठा वर रंगीत कव्हर घालून बाहेरच्यांना "नोट्स" म्हणून विकायला लागला तर तो धंदा झाला, त्याला हा निकाल वाचवणार नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सांगितलंय. झेरॉक्सवाल्याला हे एकदा शांतपणे चहा पाजून सांगा, बोर्ड लावून काही होत नाही.

पायरी ४: वर्ग, परीक्षा, गॅदरिंग

शिक्षकांसाठी कलम ५२ मधलं "आय" पोटकलम (आपल्या क्रमाने नाही, इंग्रजी अक्षराने शोधा). शिकवताना शिक्षक किंवा विद्यार्थी यांनी केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेत घातलेला उतारा आणि उत्तरात लिहिलेला उतारा, तिन्ही चालतं. म्हणजे प्रश्नपत्रिकेत आजच्या कवीची आख्खी कविता देऊन रसग्रहण विचारा, परवानगी लागत नाही. कवीचं नाव मात्र द्या हो. अनामिक कविता देऊन "कवीचा दृष्टिकोन स्पष्ट करा" विचारणारे पेपर मी पाहिलेत.

ऑनलाइन वर्गाला वेगळा नियम कायद्यात लिहिलेला नाही, पण साधं डोकं लावा. लॉगिन असलेला गूगल क्लासरूम, त्यात तुमचे साठ विद्यार्थी, एक प्रकरण, तर ते वर्गात वाटल्यासारखंच आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली फाइल मात्र संध्याकाळपर्यंत नागपूर आणि नाशिकच्या क्लासेसच्या ग्रुपवर असते, त्यामुळे मी शिक्षकांना सांगते की जे काय द्यायचं ते क्लासरूमवर द्या आणि ग्रुपवर फक्त लिंक टाका. युट्यूबवर उघड्या लेक्चरमध्ये कुणाचं पुस्तक पान पान दाखवत वाचणं हे "शिकवण्याच्या ओघात" म्हणून रेटणं अवघड आहे. दोन ओळी दाखवून त्यावर बोलणं वेगळं, ते टीका-परीक्षणात बसतं.

स्नेहसंमेलनासाठी "जे" पोटकलम. संस्थेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक, एकांकिका, गाणी करणं, किंवा सिनेमा दाखवणं, प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असतील, तर परवानगी लागत नाही. पण तिकीट लावून गावाला बोलावलंत, किंवा तीच एकांकिका बाहेरच्या स्पर्धेला नेलीत, की लेखकाची परवानगी आणि मागतील ते मानधन आलं. एकांकिका स्पर्धांमध्ये परवानगीचं पत्र मागतात ते उगाच नाही. आणि गॅदरिंगचं शूटिंग करून चॅनलवर टाकणं हा तिसराच प्रकार. आमच्याकडे एका वर्षी मुलांनी एका नव्या लेखकाची एकांकिका बसवली, छान झाली, कुणीतरी आख्खी रेकॉर्ड करून अपलोड केली, आठवड्यात लेखकाचा फोन आला. माणूस चांगला होता, म्हणाला काढून टाका, प्रयोग केलात याचा आनंद आहे. सगळे असे नसतात.

कॉलेजतर्फे उताऱ्यांचं पुस्तक छापायचं असेल तर जरा सांभाळून, त्यासाठी वेगळं पोटकलम आहे आणि ते तंग आहे: पुस्तकातला बहुतेक मजकूर हक्क संपलेला हवा, उतारे छोटे हवेत, आणि एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत एका लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे घ्यायचे नाहीत. त्यापेक्षा परवानगी मागा, सोपं पडतं.

पायरी ५: जुनी पुस्तकं स्कॅन करताना

ही वाचनालयवाल्यांची पायरी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, आणि गावोगावी शंभरी गाठलेली कितीतरी वाचनालयं आहेत, त्यांच्या कपाटांत जे आहे ते दुसरीकडे कुठेच नाही असं बऱ्याचदा होतं. कसर लागलेली, पान उलटलं की तुकडा हातात येतो अशी.

दोन तरतुदी कामाच्या. एक "एन", ही २०१२ च्या दुरुस्तीत आली: बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाने स्वतःकडे छापील प्रत असलेलं पुस्तक जतनासाठी डिजिटल करून ठेवणं चालतं. दुसरी "ओ": जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही त्याच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथपालाच्या देखरेखीखाली काढता येतात. मघाशी म्हटलं ना, बाजारात न मिळण्याचा फायदा एका ठिकाणी होतो, ते हे ठिकाण.

शब्द बघा, "जतनासाठी". म्हणजे स्कॅन करा, हार्ड डिस्कवर ठेवा, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक कॉपी ठेवा, पण हक्क शिल्लक असलेलं पुस्तक वेबसाइटवर चढवू नका. अनुदानित अ, ब, क, ड वर्गातल्या वाचनालयांना "बिनव्यापारी सार्वजनिक" हे बिरूद सहज लागतं. कॉलेजची लायब्ररी त्यात येते का याची व्याख्या कायद्यात दिलेली नाही, म्हणून मी आमच्याकडची अशी स्कॅन एकाच कॉम्प्युटरवर ठेवलीत, तिथे बसून वाचा, पेन ड्राइव्ह लावायचा नाही.

कामाची पद्धत अशी. आधी पुस्तकांचे दोन ढीग करा, हक्क संपलेली आणि शिल्लक असलेली. पहिला ढीग आधी घ्या, कारण ती उघडपणे वाटताही येतात. मराठी विकिस्रोतावर किंवा इंटरनेट आर्काइव्हवर टाकली तर अमेरिकेतल्या नातवालाही वाचता येतात. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक पुस्तकासाठी "विकत मिळत नाही" याचा पुरावा ठेवा: प्रकाशकाला मेल, दोन मोठ्या विक्रेत्यांकडे चौकशी, ऑनलाइन शोधल्याचा तारखेसह प्रिंट. फाइलला नाव देताना दाखल नोंदवहीतला क्रमांक द्या, नाहीतर सहा महिन्यांनी "स्कॅन ००४७ नवीन फायनल" हे काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि जीर्ण पुस्तक झाकणाच्या स्कॅनरवर दाबू नका, पाठ तुटते; वरून फोटो काढायचा स्टँड मिळतो तो घ्या, नाहीतर मोबाइल नीट बांधून फोटो काढा.

हस्तलिखितं, जुनी पत्रं, न छापलेली नाटकं असतील तर वेगळं पोटकलम आहे, लेखक माहीत असेल तर तो जाऊन ६० वर्षं झाल्यावरच संशोधकाला त्याची प्रत देता येते. त्याआधी वारसांना विचारा.

पायरी ६: दृष्टिहीन वाचकांसाठी, इथे हात आखडू नका

ही तरतूद बहुतेक लायब्ररीत कोणाला माहीतच नसते आणि माझ्या मते आख्ख्या कलमातली सगळ्यात उदार तरतूद हीच आहे. "झेडबी" पोटकलम, हेही २०१२ चं. ज्या वाचकाला अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता येत नाही त्याच्यासाठी कोणतंही पुस्तक, आख्खं, ब्रेल, ऑडिओ, मोठा टाइप, स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी फाइल, कशातही करून देता येतं. परवानगी नको. काल प्रकाशित झालेलं असलं तरी. अटी दोनच लक्षात ठेवा: नफा नाही घ्यायचा, फार तर खर्चापुरते पैसे, आणि ती फाइल बाकीच्यांच्या हातात जाऊ नये याची काळजी घ्यायची. या विषयावरचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१३ चा, आणि त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश आपला, २०१४ मध्ये.

करायचं काय, तर एक वेगळी वही घाला, वाचकाचं नाव, पुस्तक, कुठल्या स्वरूपात दिलं, तारीख. मराठी पुस्तकाचं नुसतं स्कॅन देऊ नका, ते चित्र असतं, स्क्रीन रीडरला त्यात अक्षरच दिसत नाही. अक्षरओळख करून युनिकोडमध्ये फाइल करा आणि एकदा कोणाकडून तरी तपासून घ्या, जोडाक्षरांची फार वाट लागते. नाहीतर सरळ एनएसएसच्या पोरांना वाचून रेकॉर्ड करायला बसवा. आमच्या एका विद्यार्थ्यासाठी मुलींनी एक जाडजूड अर्थशास्त्राचं पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत वाचून दिलं, मागे फटाक्यांचे आवाज आहेत, पण तो म्हणाला मॅडम त्यामुळेच झोप लागली नाही.

पायरी ७: ई-जर्नल म्हणजे करारनामा

ऑनलाइन जर्नल आपण विकत घेत नाही, लायसन्स घेतो, त्यामुळे इथे कायद्याच्या आधी कराराचा कागद वाचायचा. "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट (विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणारं सरकारी केंद्र) मार्फत. तुमचं सरकारी विद्यापीठ किंवा कॉलेज यात असेल तर नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगा: लागेल तो लेख उतरवा, वाचा, पण सॉफ्टवेअर लावून अंकच्या अंक ओढू नका. माझ्या आधीच्या नोकरीत एका संशोधक मुलाने एका रात्रीत काहीशे लेख ओढले, सकाळी प्रकाशकाने आख्ख्या संस्थेचा ॲक्सेस बंद केला आणि तो सुरू करायला आठवडा मेल लिहीत बसावं लागलं. आपला पासवर्ड दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राला देणं हेही त्यातच आलं. त्या मित्राला शोधगंगा दाखवा, तिथले प्रबंध सगळ्यांना उघडे आहेत.

पायरी ८: परवानगी मागायची कशी

बाकी कशातच बसत नसेल तर विचारा. लोक हे करतच नाहीत, आणि मराठीत तर विचारणं फार सोपं आहे.

शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. हक्क प्रकाशकाकडे असतील किंवा लेखकाकडे, आणि मराठी पुस्तकांत बऱ्याचदा लेखकाच्या बायकोच्या नावावर, "सर्व हक्क सौ. अमुक अमुक यांच्याकडे". ज्याचं नाव आहे त्यालाच लिहा. पत्र गुळमुळीत नको, असं काहीतरी:

"सप्रेम नमस्कार. आमच्या ग्रंथालयात आपल्या या पुस्तकाची (नाव, आवृत्ती, वर्ष) प्रत आहे. त्यातील पृष्ठ ४१ ते ९६ हा भाग तृतीय वर्ष कला, मराठी या वर्गाच्या ५५ विद्यार्थ्यांना लॉगिन असलेल्या ऑनलाइन वर्गात दोन वर्षांसाठी उपलब्ध करून द्यावा अशी इच्छा आहे. कोणतेही शुल्क घेतले जाणार नाही, लेखक व प्रकाशक यांचा उल्लेख केला जाईल, मुदत संपल्यावर फाइल काढून टाकली जाईल. यास आपली लेखी अनुमती मिळावी. मानधन अपेक्षित असल्यास कृपया कळवावे."

किती पानं, कोणासाठी, किती दिवस, कुठे, पैसे, या पाचाची उत्तरं त्यात आली की समोरच्याला हो म्हणायला सोपं जातं. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी फोन करा. गप्प बसले म्हणजे हो म्हणाले असं धरू नका. फोनवर हो मिळालं तरी मेसेज किंवा मेलवर एक ओळ मागून घ्या आणि प्रिंट काढून फाइलला लावा, कारण फोनवर हो म्हणणारा माणूस पाच वर्षांनी नसतो आणि तुमचीही बदली झालेली असते.

गेल्या वर्षी एका जुन्या कादंबरीसाठी असंच पत्र टाकलं होतं. हक्क लेखकाच्या पत्नीकडे, त्या ऐंशीच्या पुढच्या. फोन केला तर म्हणाल्या, "टाका हो बाई, आता कोण वाचतंय यांना." मी म्हटलं आजी, तरी दोन ओळी लिहून द्या. आठ दिवसांनी आंतर्देशीय पत्र आलं, थरथरत्या अक्षरात परवानगी, आणि खाली ताजा कलम: मुलं वाचून काय म्हणाली ते मला कळवा.